आधण

वडणग्याच्या गुऱ्हाळात पहाटे चारला
केरबा चुलवाणात चिपाडं सारतो.
एक आत. एक आत. एक आत.
चार दिवसांपूर्वी घाण्यातून पिळून निघालेला ऊस
आज वाळून दुसऱ्या उसाच्या रसाखाली जळतोय,
याचं त्याला काही वाटत नाही.
"उसानंच ऊस शिजतोय बाई," एवढंच म्हणतो
आणि धूर चुकवायला मान वळवतो.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.
फळ्यावर पान काढते, पानाला बाण:
वरून ऊन, खालून पाणी, बाजूनं हवा.
पोरं उतरवून घेतात.
चौदा महिने, मी सांगते, ऊस उभा राहून
ऊन गिळतो आणि पेऱ्यापेऱ्यात लपवतो.
कुलूप मात्र लावत नाही,
म्हणून उंदराला सापडतं, कोल्ह्याला सापडतं,
आपल्याला सापडतं.

काहिलीवर माझे वडील.
गुळव्या. पंचेचाळीस हंगाम.
थर्मामीटर नाही, घड्याळ बंडीच्या खिशात बंद पडलेलं.
भेंडीचं पाणी पडतं, मळी वर येते, झाऱ्यानं काढतात,
मग नुसतं ऐकत राहतात.
रस आधी बडबडतो,
मग घोगरा होतो,
मग एकेक बुडबुडा फुटण्याआधी
जरा विचार करतो.
तेव्हा भाऊ थेंबभर पाक गार पाण्यात सोडतात,
बोटांत गोळी वळून टोपाच्या कडेवर आपटतात.
टण्.
"उतरवा रं!"

गोळी तोंडात टाकत नाहीत.
सहा वर्षं झाली.
सीपीआरच्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी
निळ्या शाईनं गोल केला होता: तीनशे बारा.

त्या संध्याकाळी बांधावर बसून मी समजावत होते.
"भाऊ, साखर रक्तात भरपूर आहे.
पेशीच्या दारापर्यंत जाते,
पण दार उघडत नाही.
आत पेशी उपाशी, बाहेर साखर फिरत बसलेली."
भाऊंनी ढेकूळ उचललं, चुरलं, हात झटकले.
"म्हंजे जळण हाय ढीगभर,
पर केरबा आला न्हाई."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच वाक्य
जरा शुद्ध करून सांगितलं.
कुणाचं ते सांगितलं नाही.
अजून त्याची लाज वाटते.

आता आठला आधण उतरलं की
माठाशेजारच्या ओल्या फडक्यातून इन्सुलिन निघतं.
पोट चिमटीत धरून भाऊ सुई टोचतात
आणि म्हणतात, "आला केरबा."
चुलवाणापाशी केरबा दरवेळी दचकतो,
"काय वं?"
"काय न्हाई. तू घाल तुझं."

मग भाकरी. खरडा. कांदा बुक्कीनं फोडलेला.
केरबा गुळाचा खडा गालात धरून तीन भाकऱ्या खातो,
भाऊ दीड खातात, अर्धी परत फडक्यात बांधतात.
अर्ध्या तासात दोघांच्याही पायांत पुन्हा चालणं येतं.
ते कुठल्या पेशीत, कुठल्या पायरीवर येतं
ते मला तोंडपाठ आहे.
तरी मी बघत बसते.

एक गोष्ट शिकवताना मात्र मी घाई करते:
प्रत्येक जळण्यात थोडी ऊब निसटते,
उसातून, माणसातून, चुलीतून,
आणि ती पुन्हा गोळा होत नाही.
फळ्याच्या कोपऱ्यात तिच्यापुढं मी लिहिते: वाया.

आज निघताना पलीकडून गेले.
चुलवाणाच्या मागच्या भिंतीला, जिथं माती तापलेली असते,
गावातली तीन कुत्री पाठ लावून झोपली होती.
त्यातली एक गाभण.