गवताची भिंत

तुर्भ्याच्या बंद खाणीत तिसरा दिवस.
गाडी परत अडली.
समोर कमरेएवढं गवत;
तिच्या लेखी भिंतच.

राखणदार हिराजी भोईर
बिडी कानामागे खोचून म्हणाले,
"तिला सांगा, गवत वाकतं. दगूड नाय."
आणि गेले आरपार चालत.

मी त्यांची चाल नोंदवली,
दहा वेळा, पाठीला सेन्सर बांधून.
रात्रभर तीच गिरवली तिने.

सकाळी निघाली गवत वाकवत, बिनड्रायव्हरची,
आणि सपाट, मोकळ्या जागी
उगाचच डावीकडे वळली.
खड्डा नाही. धोंडा नाही.
मी कोड चाळत बसले.

"तिथनं नाय जात मी," हिराजी म्हणाले.
"सुरुंग उडाला तवा भाऊ तिथं उभा व्हता."

नकाशावर तिथे काहीच नाही.
दुरुस्तीच्या यादीत मी लिहिलं: वळण.
मग खोडलं.