शून्य, बत्तीस

कंपनीचा माणूस आला, चपला दाराबाहेर काढल्या,
स्क्रीनकडे बघितलं आणि पुन्हा पायात घातल्या.
"मॅडम, हे काय टाकलंय?"
लिनक्स, मी म्हटलं.
त्याच्या फॉर्मवर एकच चौकोन होता, विंडोजचा.
त्याने त्यातच टिक केली, माझी सही घेतली
आणि पूजा अर्धी टाकून उठणाऱ्या गुरुजींसारखा
जिना उतरून गेला.

खारीगावातलं तिसऱ्या मजल्यावरचं घर.
फोनची तार बाबांनी स्वतः ओढलेली,
कळवा एक्स्चेंजला लाइनमन होते तेव्हा,
समोरच्या खांबावरून थेट खिडकीच्या चौकटीत.
भोकाला एम-सील, त्यावर अंगठ्याचा ठसा अजून आहे.
आता तारेच्या या टोकाला
साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र
आणि एक हिरवा दिवा. न पेटलेला.

काळ्या पडद्याला विचारलं, काही दिसतंय?
म्हणाला, दिसतंय. दारात कुणीतरी आलंय.
कोण ते सांगता येत नाही,
ओळख पटवायची फाईल नाही.
फाईल इंटरनेटवर.
इंटरनेट त्या यंत्राच्या पलीकडे.
कपाटाला कुलूप आणि किल्ली कपाटात.

पेनड्राइव्ह मुठीत धरून खाली उतरले.
नाक्यावर झेरॉक्सच्या मागे परकारांचा सायबर कॅफे.
पहिल्या खेपेला फाईल मिळाली.
घरी येऊन कळलं, ती उघडायला दुसरी लागते.
दुसऱ्या खेपेला दुसरी मिळाली.
तिला तिसरी हवी होती.
विजेच्या बिलाच्या पाठीवर आज्ञा उतरवून घेतल्या,
टिंब, आडवी रेघ,
आणि मोकळ्या जागेसाठी छोटासा चौकोन,
कारण मी नेमकी तीच विसरते.
तिसऱ्या खेपेला अन्वर परकारांनी शटर निम्मं ओढलं होतं.
"किराण्याची यादी आहे का हो?
दर वेळी काहीतरी राहतंच."
बंद केलेला पंखा त्यांनी पुन्हा लावला.
पैसे घेतले नाहीत.

मग दोन आकडे मागितले गेले,
जे फॉर्मवर नव्हते, बिलावर नव्हते.
सव्वाबाराला एक्स्चेंजला फोन केला, त्याच तारेवरून.
ड्यूटीवरचा माणूस जांभई देत म्हणाला,
"तुमचं ते लिनक्स मला माहीत नाही. आकडे सांगतो.
शून्य. बत्तीस. लिहून घ्या."
मी उगीच विचारलं, वामन पागधरे आठवतात का?
"नाव ऐकलंय," तो म्हणाला.
ऐकलं नसणार. पण बरं वाटलं.

एक चूक: शून्याऐवजी ओ.
दुसरी: पासवर्डात माझंच आडनाव चुकवलेलं.
पावणेदोनला हिरवा दिवा आधी लुकलुकला,
मग लुकलुकायचा थांबला.
थांबणं हीच बातमी, हे तेव्हा कळलं.

आता काय बघायचं? काहीच सुचेना.
ना मेल, ना बातम्या.
नुसती एक हाक पाठवली, आहेस का?
उत्तर आलं. चौसष्ट बाइट.
पुन्हा, आहेस का? चौसष्ट बाइट.
बाबा खांबावर चढले की
कमरेचा टेस्टिंग हँडसेट जोडून घरी फोन करायचे.
"आवाज येतोय?"
येतोय.
"बरं." आणि ठेवून द्यायचे.
मला वाटायचं, आता काहीतरी बोलतील,
शाळेचं, आईच्या दम्याचं.
लाइन तपासायची असायची, बस.
मी मात्र अभ्यास सोडून पळत जायची,
धाकट्याच्या आधी रिसीव्हर उचलायला.

हाक थांबवायची आज्ञा बिलावर उतरवलेली नव्हती.
ती तशीच चालू राहिली, मी झोपले.
सकाळी पावणेसातला चहाचा कप हातात घेऊन पाहिलं,
अठरा हजार हाका होऊन गेल्या होत्या.
अकरा परत आल्या नव्हत्या.

नऊला कंपनीचा फोन:
"विंडोज टाकलंत का, मॅडम?"
नाही, म्हटलं.
"मग तक्रार चालू ठेवू की बंद करू?"
खिडकीबाहेर खांबावर एक कावळा
तारेला चोच घासत होता.
थांबा, मी म्हटलं.