मागे फेक

पहिल्या दिवशी चेंडू पाहून तक्षशिला म्हणाली,
"सर, याच्यावर कोणी बसलं काय?"
नाही, म्हटलं. असाच असतो. लांबुडका.
टप्पा टाकून बघ.
टाकला, तो उजवीकडे पळाला.
पुन्हा टाकला, तर तिच्याच नाकावर.
"भैताड आहे बाप्पा हा,"
नाक चोळत ती हसली,
आणि मला कळलं, ही पोट्टी टिकते.

रेशीमबागेचं मैदान. मे महिना. पहाटेचे साडेपाच.
सातला ऊन चावायला लागतं.
संघाला पंधरा लागतात, आम्ही अकरा.
उरलेल्या चार जागी चपला ठेवल्या.
चपला भल्ल्या शिस्तीच्या,
एकही कधी ऑफसाइड गेली नाही.

गोलाचे खांब इंग्रजी एचसारखे,
महालातल्या निंबाजी पराते यांनी बांधून दिलेले,
मारबतीच्या वेळी बडग्याला पुरून उरलेल्या बांबूंचे.
एका खांबाला अजून लाल झिलेटीनचा तुकडा,
वारा आला की फडफडतो.

नियम सांगतो, ऐका.
पळायचं पुढे, फेकायचं मागे.
लाथेनं पुढे मार हवा तर, हातानं नाही.
जी तुझ्या पुढे आहे
ती कितीही मोकळी असो, कितीही ओरडो,
ती नाहीच असं समज.
फरहीननं विचारलं, "आणि मागे कोणी नसलं तर?"
तर तुम्ही बाकीच्या काय करून राहिल्या, मी म्हटलं.

अकरा वर्षं कबड्डी खेळलो मी.
एका श्वासात जायचं, शिवायचं, परत यायचं.
सगळी उमर परत येण्यात गेली.
इथे परत यायचंच नसतं.
शेवटच्या रेघेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा,
कॉटन मार्केटात बाया पाटी उतरवतात तसा,
वजनासकट.
पाच गुण. त्याला म्हणतात ट्राय, म्हणजे प्रयत्न.
शिबिरात मी विचारलं होतं, झाल्यावरही प्रयत्नच?
शिकवणारे म्हणाले, मेश्राम, तुम्ही धावा.

मग स्क्रम.
आठ जणी वाकून एकमेकींत गुंतलेल्या,
समोर तशाच आठ हव्यात,
आमच्यासमोर वाळूची पोती.
मधोमध करुणा उइके, दोन्ही हात दोघींच्या खांद्यांत अडकलेले,
चेंडू टाचेनं मागे ओढायचा.
कपाळावरचा घाम डोळ्यात उतरतो,
पुसायला हात नाही.
"कोणीतरी पुसा बे!" ती ओरडते
आणि सगळा डोंगर हसून कोसळतो.

जूनमध्ये भंडाऱ्याच्या मुली आल्या.
त्यांचीही मोजणी तोकडी. दहा-दहा ठरलं.
शेवटच्या मिनिटाला तक्षशिला सुटली,
एकीला खांद्यानं, एकीला नुसत्या नजरेनं चुकवून.
रेघ दोन हातांवर.
तिथे कंबरेला मिठी बसली आणि ती पडली.

पडलं की सोडायचं.
चेंडू आपल्यांच्या बाजूला ठेवायचा
आणि मागून येणाऱ्या पायांवर भरवसा ठेवायचा.
शंभरदा सांगितलं होतं.
तिनं पोटाशी धरला.
फरहीन पोचली होती, करुणा पोचली होती,
दोघी तिच्यावर वाकून ओरडत होत्या, सोड, सोड.
शिट्टी.

सात-बारा, हरलो.
पंच मूळचे तलाठी, आकडा लिहिताना
त्यांना हसू आवरेना.

झाडाखाली बूट काढता काढता ती म्हणाली,
"आमच्या घरात सर, हातातून सुटलेली वस्तू
परत येत नाही."
बोलली आणि नाडीची गाठ सोडवत बसली,
चिखलानं घट्ट झालेली.
यावर नियमाच्या पुस्तकात काही नाही.
मी पोती मोजू लागलो.

नंतर नाक्यावर तर्री-पोहे.
टपरीला गर्दी, तक्षशिला सगळ्यात पुढे,
पोहेवाल्याशी वाद घालत, तर्री वाढवून मागत.
एकेक प्लेट घेत होती
आणि हात मागे नेत होती,
मान न वळवता.

सहा प्लेटा गेल्या.
सातवी थोडी सांडली, फरहीनच्या ओढणीवर.
"काहून वं, बघून दे ना!"
"तू असशीलच ना तिथे," ती म्हणाली,
आणि आठवीसाठी हात पुढे केला.