मूळ

आचऱ्याच्या बंदरावर नेट येतं
फक्त माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीत.
तिथंच टेबल ओढून घेतलंय.
खाली जाळी वाळतायत, बांगड्याचा वास,
आणि स्क्रीनवर एकच फाइल,
दोन माणसांनी दोन रात्रींत
दोन तऱ्हेनं बदललेली.

आमचं अवजार अशा वेळी विचारतं:
तुझं ठेवू?
त्याचं ठेवू?
की दोन्ही, एकाखाली एक, आणि तूच निस्तर?
मला चौथं काहीतरी हवं होतं.
सहा आठवडे झाले,
त्याला नाव सापडत नव्हतं.

तेवढ्यात आत्माराम तारी जिना चढून आला,
हातात दोन वह्या, एक त्याची, एक बाबलची.
चुलत भाऊ. होड्या दोन, खाडीचं तोंड एक.
बाबलच्या वहीत: काळो फातर डाव्या हाताक धर.
आत्मारामच्या वहीत: उजव्या हाताक.
गेल्या बुधवारी बाबलची होडी वाळूच्या दांड्यावर चढली
आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.
"तुझ्या त्या पेटयेत घाल," म्हणाला,
"नि सांग, कोण खोटो."

मी वह्या शेजारी शेजारी उघडल्या.
अक्षर वेगळं, शाई वेगळी,
ठामपणा मात्र सारखाच.
विचारलं, "ह्या उतरवल्या कशावरून?"
तो जरा थांबला.
"शिवातात्याच्या वहयेवरसून."
"ती कुठाय?"
"बाबलाच्या आवशीकडे. तांदळाच्या पिपात."

तिसरी वही आली. पानापानांत कोंडा,
कडा किडीनं कुरतडलेल्या.
तिच्यात एवढंच:
फातर नाकासमोर धर. दांडो अजून लांब आसा.

म्हणजे बदल दोघांनीही केला होता.
एकानं चौऱ्याण्णवच्या पुरानंतर,
दुसऱ्यानं नवा धक्का झाला तेव्हा.
आपापल्या वर्षी दोघंही बरोबर.
नुसत्या दोन वह्या समोरासमोर धरून
आम्ही जन्मभर भांडलो असतो.

त्या रात्री वीज गेली. बॅटरी एकोणतीस टक्के.
पर्यायाचं नाव लिहिलं: मूळ.
तो काही ठरवत नाही.
तुझ्या आणि त्याच्या ओळीच्या मधे
फक्त ती ओळ उघडून ठेवतो
जिथून दोघं निघाले होते.
सगळा मिळून चाळीस ओळींचा कोड.
त्यातल्या अकरा, मूळ सापडलंच नाही तर काय, यासाठी.
(पीप रिकामं निघतं. आवशी जाते.
कधी मुळंच दोन निघतात
आणि ती आपसात भांडतात.
त्याला आणखी सात ओळी.)

तार्तूहून मार्टनं तपासलं.
विचारलं, हे आपसूक चालू ठेवायचं का?
मी लिहिलं, नको.
ज्याला हवं त्यानं मागावं.
न मागता मूळ दाखवलं
की माणसं चिडतात, मी इथली आहे, मला माहीत आहे.
त्यानं एक स्वल्पविराम हलवला,
दोन चाचण्या वाढवायला लावल्या,
आणि गुरुवारी आत घेतलं.

शुक्रवारी सुकतीच्या वेळी
खिडकीतून दिसलं,
दोघं एकाच होडीत.
बोलत नव्हते.
बाबल वल्हं मारतोय,
आत्माराम बांबू तळाला टेकवून पाणी मोजतोय.
बांबू रुतायचा, ओला वर यायचा,
तो बोटानं खूण दाखवायचा,
बाबल मान हलवायचा,
एकदोनदा नाही म्हणाला असावा,
कारण होडी वळून परत त्याच जागी आली.
मधल्या फळीवर शिवातात्याची वही,
प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.

संध्याकाळी आत्मारामनं चौथी वही आणून दाखवली.
दुकानातली, कोरी, वर पाढे छापलेले.
पहिल्या पानावर दोन वेगळ्या अक्षरांत
तारीख आणि भरतीची वेळ,
खाली: काळो फातर,
आणि पुढं
बोटभर जागा सोडलेली.