शेवटचा आकडा

आयली राउतिओ दुपारी तीनला आली,
दाराबरोबर सरोवरावरचं वारं थोडं आत घेऊन.
हातमोज्याच्या अंगठ्यातून तिनं नाणं काढलं:
अर्धा डॉलर, चांदीचा,
त्यावर बसलेल्या बाईची नुसती सावली उरलेली.

मी भिंग लावलं.
डलुथच्या या गल्लीत एकतीस वर्षं हेच करतोय:
कड झिजून अक्षरांत शिरलीय का,
ढालीवर काही वाचता येतं का,
गरुडाला पिसं आहेत की नुसता आकार.
इथे ढाल गुळगुळीत, साबणाच्या चकतीसारखी.
तारे तेरा हवेत, मला पाच लागले.
गरुडाखाली मात्र एक एस, मुंगीएवढा, शाबूत.

आणि साल: अठराशे सत्त्याहत्तर
किंवा अठ्ठ्याहत्तर.
सात असेल तर चांदीच्या भावाहून चार पैसे वर.
आठ असेल तर, बाई, आधी खुर्चीत बसा.

"प्रमाणपत्र करून घेऊ?"

मी पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवलं:
तपासणी, टपाल, विमा, परतीचं टपाल,
तीन महिने वाट,
मग प्लास्टिकची सीलबंद डबी, वर चिठ्ठी,
चिठ्ठीवर गुण सत्तरपैकी एक. फार तर दोन.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

"वडील आठ म्हणायचे."

वडील लोखंडाच्या धक्क्यावर होते,
बोट लागेपर्यंत खिशात नाणं चोळत उभे.
आई दर नाताळला ते खायच्या सोड्यानं घासायची.
हे तिनं सांगण्याआधीच मला दिसलं होतं;
तेही लिहितील चिठ्ठीवर: घासलेले.

एक दिवा वरून, एक आडवा, एक खिडकीचा उजेड.
सात.
पुन्हा पाहिलं, या वेळी आठ हवा म्हणून.
सातच.
निदान सातची वरची रेघ, किंवा ओरखडा.

म्हटलं, काही लोक झिजलेलीच जमवतात,
कुणाकडे कमी उरलंय याची चढाओढ असते.
"मग अजून थोडं चोळू?" ती हसली.

तराजूवर अकरा ग्रॅम.
टांकसाळीतून निघालं तेव्हा साडेबारा.
"दीड ग्रॅम गेलं कुठे?"
"खिशांत. शिवणीत."
"पँटी तर मी मार्चमध्ये चर्चला दिल्या," ती म्हणाली,
आणि नाणं परत अंगठ्यात सरकवलं.

मी पैसे घेतले नाहीत. भावाचं पुस्तक बंद होतं,
ते तिच्यासमोर उघडलं नाही.
कुलूप लावायच्या आधी उघडलं,
आठच्या रकान्यावर बोट ठेवलं,
जरा वेळ तसंच.