जीन

कवटी मला पद्मिनीताईकडून मिळाली, बाराशे रुपयांत,
खालच्या जबड्यासकट.
जबड्याला स्प्रिंग, दोन दाढा नाहीत.
माथ्याचं झाकण उचललं की आत बॉलपेननं
आधीच्या मालकांची नावं:
किनवटचा एक, उमरग्याची एक,
एक नुसतंच 'बॅच नव्वद'.
जिची कवटी, तिचं नाव सोडून सगळ्यांची.

हॉलमधल्या गफूरमामांनी दोन्ही हातांत घेतली,
अंगठा भुवईवरून फिरवला.
"बाई दिसते. इथं उंचवटा नाही, बघ.
रात्री पालथी ठेवू नकोस."

विष्णुपुरीच्या होस्टेलात धरणाचा वारा,
आणि मी हाडं पाठ करत बसलेली.
कपाळाचं एक. माथ्याची दोन. कानशिलांची दोन.
जिथं ती एकमेकांना भेटतात तिथं शिवण.
पुस्तकातही शिवणच लिहिलंय.

आमच्या घरी शिवण म्हणजे
मेण लावलेला दोरा, दाभण,
आणि कातड्यातून ओढलेला सरळ टाका.
ही तर मन्याडच्या काठासारखी वाकडीतिकडी.
अण्णा म्हणाले असते, कारागीर कच्चा.
मी नखानं उसवून पाहिली.
उसवत नाही.

मग पुढचा धडा, चेहरा. चौदा हाडं.
नाकाच्या आत उभा एक पातळ पापुद्रा,
सर म्हणाले, याचं नाव फाळ, नांगराचा.
मला विचाराल तर तो बांध आहे,
दोन भावांच्या वाटणीतला, थोडा एका बाजूला सरकवलेला.
कानात हातोडा, ऐरण,
आणि तांदळाच्या कणीएवढी रिकीब.
आणि मेंदूच्या तळाशी,
वटवाघळासारखे पंख पसरलेल्या हाडाच्या मधोमध
खोगीर.

पुढं उंच, मागं उंच, मधे खोलगट बैठक.
वर बसते वाटाण्याएवढी एक ग्रंथी
आणि आपण वाढतो.

तीन पिढ्या आम्ही जिनगर,
माळेगावच्या यात्रेला जीन शिवून नेणारे.
प्रत्येकाच्या डोक्यात एक तयारच असतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
त्याच रात्री फोन केला.
अण्णा जेवत होते. घास गिळून म्हणाले,
"कुणाच्या मापाचं? तट्टाच्या का काठेवाडीच्या?"
मोजून सांगते म्हणाले,
आणि राहून गेलं.

मार्गशीर्षात, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी,
तंग आवळताना एका घोडीनं लाथ घातली.
डावा गाल.
मी वॉर्डात पोचले तेव्हा फिल्म खिडकीला लावलेली,
आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच
मला ते हाड ओळखू आलं.
ग्रीक भाषेत त्याचं नाव जू.
ते तीन टोकांना सुटलं होतं
आणि आत बसलं होतं, बैल बसतो तसं.

डोळा शाबूत होता. तोंड उघडत होतं.
खड्डा राहील, डॉक्टर म्हणाले,
हवं तर उचलून प्लेट बसवू.
"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "आता कुणाला दाखवायचंय?"

रात्री वॉर्डातले दिवे अर्धे झाल्यावर
मी त्यांच्या गालाला हात लावला.
आमच्यात मुली बापाच्या चेहऱ्याला हात लावत नाहीत.
मला वडिलांची दाढी खुपते हे
एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं.
डोळ्याखालच्या कडेवरून बोट सरकलं,
आणि एकदम पायरी उतरल्यासारखं खाली गेलं.

"काय बघायलीस?"
"शिवण."
"उसवली का?"
"हाव. धरंल पण आपोआप."
"मग हात नको लावू. ओल्या कातड्याला हात लावू नये."

मी हात काढला.
शेजारच्या खाटेवर कुणी खोकलं, नळ गळत राहिला.
झोप लागली असं वाटत होतं, तेवढ्यात ते म्हणाले,
"त्या बाईच्या जिनाचं माप सांगणार होतीस."
"करंगळीच्या नखाएवढं, अण्णा."

बराच वेळ ते आढ्याकडे बघत राहिले.
ओठ हलत होते, मनातल्या मनात कातडं कापत असावेत.
"येवढ्याला दाभण न्हाई चालायचं," शेवटी म्हणाले.
"सुई लागंल."