सी-एकवरचा उंट

घेंटच्या वर, शेल्ड नदीवर,
बोटी जिथे पाण्याच्या जिन्यानं चढतात-उतरतात,
तिथलं फाटक होडेलीव्हनं एकतीस वर्षं सांभाळलं.
आता दर गुरुवारी, कॅफेच्या माडीवर,
ती वानेसला एवढंच शिकवते,
समोरच्याला न विचारता
सहा खेळ्या कशा कराव्यात.

वानेस बावन्न वर्षांचा. शिंपल्यांची गाडी चालवतो.
आजवर त्याचा डाव म्हणजे
पहिल्या खेळीला राजाचं प्यादं, दुसरीला शेजारच्याचा बळी,
गुडघ्याला बाशिंग बांधून उभा;
अठराव्या खेळीला वरात उठून गेलेली असायची.
पाचवा विभाग, सातवा पट, सलग अकरा हार.

"डी चार," ती म्हणते. "घोडा एफ तीन. ई तीन.
उंट डी तीन. सी तीन. दुसरा घोडा डी दोन.
मग राजाला घरात घे."
आणि गप्प बसते,
कॉफीतला साखरेचा खडा विरघळेपर्यंत.

"बस?"
"बस. लोक म्हणतात म्हाताऱ्यांचा डाव.
म्हणू देत.
हसणारा माणूस पट नीट बघत नाही."

(उंट तिथे कुणी म्हणत नाही.
फ्लेमिश लोकांत तो लोपर, धावणारा.
पण या डावात काळ्या घरांतला धावणारा
सी-एकवर बसून राहतो,
आधी स्वतःचंच प्यादं वाटेत, मग स्वतःचाच घोडा.
आपला शब्दच बरा.
उंटाला निदान बसता येतं.)

"ई चार कधी?"
"नववी. दहावी. कधी बारावी. पाठ करू नकोस.
फाटक जोर लावून उघडत नाही रे, मी लावून बघितलाय,
पहिल्याच हिवाळ्यात, खांदा निखळला.
दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं
की एका हातानं उघडतं."

मग महिनाभर गाडीत, स्टिअरिंगच्या मागे,
चुंबकाचा छोटा पट.
ओस्टेंडला माल उतरेपर्यंत सहा खेळ्या.
घरी न्याहारीला मिठाची बाटली डी-तीनवर,
मुरंब्याची बरणी कोपऱ्यात, किल्ल्यात.
त्याची बायको रोझलिंड लोण्याकडे हात नेते,
तो म्हणतो, थांब, तो अजून हलायचा नाही.

रविवारी कोर्ट्रेकच्या शाळेत
समोर पंधरा वर्षांचा सेने, ओठावर कोवळी मिशी.
ई तीन बघून त्यानं जांभई दिली.
सी तीन बघून पाणी प्यायला उठून गेला.
वानेसचे तळवे ओले. शिंपल्यांचा वास
धुतला तरी जात नाही.
नववीला वाटलं, आता. हात उचलला,
पुन्हा मांडीखाली घातला.
दहावीला पुन्हा तसंच.
अकरावीला कुठूनसं सगळं एका रेषेत आलं,
आणि त्यानं ई चार इतक्या हळू ठेवलं
की पोरानं जांभई अर्ध्यावर सोडली.

चौपन्न खेळ्या. शेवटी पोरानंच हात पुढे केला,
अर्धा गुण.
वानेसनं तो असा घेतला
की जणू कुणी नोकरीच दिली.

गुरुवारी होडेलीव्हनं नोंदीचा कागद पाहिला,
चष्मा कपाळावर, बोट एकेका ओळीवरून खाली.
बोट तळाला पोचलं. पुन्हा वर गेलं.
"चांगलं खेळलास," ती म्हणाली.
"आणि हा?"
सी-एक.
चौपन्न खेळ्यांत तो एकदाही हलला नव्हता.

वानेस हसला, मग हसायचा थांबला.
"विसरलो."

खाली एका मालबोटीनं दोनदा भोंगा दिला.
सवयीनं ती उठायला निघाली, मग बसली;
आता ते काम बटणावर होतं.
तिनं सोंगट्या परत लावल्या,
सी-तीनवरचं प्यादं उचलून मागे ठेवलं,
आणि शेजारचं एकच घर पुढे सरकवलं.

"बी तीन," ती म्हणाली.
"त्याला मागचं दार आहे.
पुढचा महिना तेच."